रजा काढा, आपला मुलूख पाहा

(साक्री येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला खरं तर ‘करिअर’वर बोला असं सांगितलं होतं. मुलाखतीची तयारी कशी करावी, कोणती कॉम्प्युटर भाषा शिकावी, हे तुम्हाला मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे हजार लोक आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी रजेवर बोलणार आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात वर्षअखेर आली की मेल येतो, तुमच्या इतक्या रजा शिल्लक आहेत, वापरा नाहीतर जातील. मग लोक घाईघाईने गोव्याची तिकिटं काढतात. आपल्या मुलांच्या रजा कुठे जातात? दोन ईद, चार लग्नं, एखादा जनाजा, आणि घरातल्या कोणाला तरी धुळ्याला किंवा नाशिकला दवाखान्यात दाखवायला नेणं. हे सगळं करायलाच हवं. पण वर्षातून चार दिवस असेही असावेत की ज्यात आपण आपल्याच मुलखात फिरतो, जुनी पडकी ठिकाणं पाहतो, एखाद्या वर्षी समुद्रापर्यंत जाऊन येतो. हे चार दिवस चैनीचे नाहीत. आपल्यासाठी ते गरजेचे आहेत, आणि का ते सांगतो.

आज रोज इतिहासावर भांडण चाललं आहे आणि त्या भांडणात आपलं नाव घेतलं जातं. मोबाइलवर राजांची नावं येतात, तारखा येतात, कोणी काय पाडलं, कोणी काय बांधलं याच्या याद्या येतात. आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर आपल्या बाजूचा तितकाच कच्चा मेसेज पुढे ढकलतो. भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती जागा पाहिलेली नसते. ज्याने जागा पाहिली, दगडाला हात लावला, तिथल्या गावात चहा घेतला, तो माणूस वेगळं बोलतो. त्याला कोणी सहज भडकवू शकत नाही आणि सहज गप्पही करू शकत नाही.

साक्रीपासून सुरुवात करू

लांब जायची गरज नाही. आपल्याच तालुक्यात, आपल्याच कान नदीच्या काठी कावठे गाव आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, म. के. ढवळीकर आणि वसंत शिंदे यांनी, तिथे उत्खनन केलं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. जमिनीत खड्डे खणून केलेली घरं, मातीची भांडी, जनावरांची हाडं. या संस्कृतीला तापीकाठच्या सावळदा गावावरून सावळदा संस्कृती म्हणतात. तुम्ही आज गेलात तर फोटो काढण्यासारखं फारसं काही दिसणार नाही. तरी जा. ‘इथे आधी कोण होतं’ हा प्रश्न ज्यांना फार आवडतो, त्यांना घेऊन जा. त्या चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांपुढे आपण सगळेच परवा आलेले पाहुणे आहोत.

मग बळसाणे. आपल्या तालुक्यातलं हे गाव जैन तीर्थ म्हणून गुजरातेत ठाऊक आहे, पण साक्रीतल्या आपल्या किती मुलांनी तिथला जुन्या देवळांचा समूह पाहिला आहे? आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं दगडी काम आहे. खांब, छत, दाराच्या चौकटी नीट बघा. दगडावर दगड नुसत्या वजनाने आणि खाचेने कसे बसवले आहेत ते बघा. इंजिनीअरिंगला असलेल्या मुलांनी तर वही घेऊनच जावं.

निजामपूरजवळ भामेर आहे. गावात शिरतानाच जुनी कोरीव कमान लागते आणि वर तीन शिखरांचा किल्ला, पोटात कोरलेल्या गुहा. सूरत आणि बुऱ्हाणपूर यांच्यामधल्या जुन्या व्यापारी वाटेवरची ही जागा. पिंपळनेरकडून पुढे ताहाराबादच्या बाजूला गेलात की साल्हेर. १५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मोठा पराभव केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात साल्हेर आहे. त्या यादीत कोकणच्या समुद्रातली खांदेरीही आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने ती खांदेरी इंग्रजांविरुद्ध राखली, त्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. हे नाव कोणाच्या तोंडावर फेकण्यासाठी सांगत नाही. आपल्यातल्या ज्या मुलांना साल्हेर चढताना ‘हे आपलं नाही’ असं वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो.

काही जण विचारतात, देऊळ बघायला आपण कशाला? आपण पाहायला जातो, शिकायला जातो. आधीच्या लोकांचं काय झालं हे जमिनीवर फिरून पाहा, ही ताकीद कुरआनात एकदा नाही, अनेकदा आली आहे. जिथे पूजा चालू आहे तिथे चपला बाहेर काढायच्या, विचारून आत जायचं, नको म्हणाले तर बाहेरूनच बघायचं. मशिदीत आलेल्या पाहुण्याकडून आपण जी अपेक्षा करतो, तीच.

थाळनेर आणि बुऱ्हाणपूर

आता थोडं लांब. धुळे, शिरपूर करत थाळनेरला जा. तापीच्या उत्तर काठावर, ढासळत चाललेल्या किल्ल्याचं गाव. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला आणि तिथून फारुकी घराणं सुरू झालं. खलिफा उमर फारुक यांच्याशी नातं सांगणारं म्हणून फारुकी. या घराण्याने दोनशे वर्षांहून जास्त काळ खानदेशावर राज्य केलं. मलिक राजा १३९९ मध्ये गेला, त्याची कबर थाळनेरलाच आहे. त्याच्या मुलाची, नातवाची, पणतवाचीही तिथेच. घुमटांचे मकबरे आहेत, त्यातला एक अष्टकोनी, बाहेरून सुंदर कोरलेला.

आपल्या घरांत अजमेर ठाऊक आहे, हाजीअली ठाऊक आहे, ताजमहाल ठाऊक आहे. ज्यांच्या ‘खान’ या पदवीवरून आपल्या प्रदेशाला नाव मिळालं असं बरेच जण मानतात, त्यांच्या कबरी तीन तासांवर आहेत, त्या ठाऊक नाहीत. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, हे राज्य संपवलं आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं नाव ‘दानदेश’ ठेवलं. हुकूम बादशहाचा होता. नाव टिकलं नाही. लोकांच्या जिभेवर खानदेशच राहिलं. नावं बदलण्याच्या गोष्टी आजकाल रोज कानावर येतात, तेव्हा ही एक लक्षात असू द्या.

थाळनेरला गर्व करायला जाऊ नका, इबरत घ्यायला जा. ज्यांचं नाव ऐकून लोक उभे राहत, त्यांच्या कबरीशेजारी आज गवत वाढलं आहे. आणि याच गावात आणखी एक गोष्ट घडली. १८१८ मध्ये होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना दिला. फेब्रुवारी महिन्यात जनरल हिस्लॉपची फौज थाळनेरला आली. किल्लेदार तुळशीराम, आणि त्याच्या शिबंदीत अरब शिपाई. दरवाज्यावर गोंधळ झाला, इंग्रज अधिकारी मारले गेले आणि मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली. तुळशीरामला फासावर लटकवलं. या फाशीवर पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही सवाल उठले. एकाच दरवाज्याच्या आत हिंदू किल्लेदार आणि अरब शिपाई मेले. ही हकीकत आपल्याला कोणत्या मेसेजमध्ये येते का? येत नाही, कारण ती कोणाच्याच भांडणाच्या कामाची नाही.

मलिक राजाचा मुलगा नासिर खान. त्याने १४०० च्या सुमारास तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसवलं. नाव कोणाचं? खुलताबादला ज्यांची दर्गा आहे त्या हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. मार्च २०२५ मध्ये खुलताबाद देशभर गाजलं ते एका बादशहाच्या कबरीवरून. तिथेच एक सूफी झोपले आहेत, ज्यांच्या नावाने एक अख्खं शहर उभं राहिलं, हे त्या महिन्यात किती जणांनी सांगितलं?

बुऱ्हाणपूरसाठी दोन दिवस काढा. तिथल्या जामा मशिदीत आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे. राजा अली खान, म्हणजे आदिलशहा फारुकी, याने मशीद बांधली. संस्कृत लेख सृष्टिकर्त्याला वंदन करून सुरू होतो, मलिक राजापासून फारुकींची वंशावळ देतो आणि विक्रम संवत १६४६, शके १५११, तिथी, नक्षत्र सगळं नोंदवतो. म्हणजे इसवी सन १५९०. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! आपलं मासिक दोन भाषांत निघतं याचं कोणाला नवल वाटत असेल तर त्याला ती भिंत दाखवा. सव्वाचारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे दोन भाषांत लिहायची रीत होती.

आणि चाळीसगावजवळचं पाटणे. पाटणादेवीला लोक जत्रेला जातात. तिथला शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि निकुंभ राजाने त्याला दान दिलं, अशी ती नोंद आहे. शेवटी जुन्या मराठीतला मजकूर आहे. आता पुढचं ऐका. याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी तर्जुमा अकबराच्या हुकमावरून फैजीने १५८७ मध्ये केला. आणि १५९१ मध्ये तोच फैजी बादशहाचा वकील म्हणून बुऱ्हाणपूरला, राजा अली खानाच्या दरबारात आला. ज्या मुलखात त्या गणिताचा मठ होता, त्याच मुलखात त्याचा फारसी तर्जुमा करणारा येऊन गेला. मी रोज कोड लिहून पोट भरतो. गणिताची ही परंपरा माझी आहे की नाही, हे ठरवायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

आपला समुद्र

आता समुद्र. खानदेशी माणसाला समुद्र म्हटलं की मुंबईची चौपाटी आठवते. पण आपला समुद्र सूरतेचा. कान पांझरेला मिळते, पांझरा मुडावदला तापीला मिळते आणि तापी सूरत ओलांडून डुमसजवळ समुद्रात जाते. माणसांची वाटही तीच होती. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादहून निघाला तो नंदुरबारवरून खंबायतला गेला. नंदुरबारचे मराठे लोक कारागिरीत, वैद्यकीत हुशार आहेत, असं त्याने लिहून ठेवलं. सतराव्या शतकात तावर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सूरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर करत बुऱ्हाणपूरला गेला. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीचा वास येतो, अशी त्याने तारीफ केली आहे. ज्या कोंडाईबारीच्या घाटातून आपण कंटाळत जातो, तो मुलूख जगाच्या नकाशावर होता.

हजचे यात्रेकरूही सूरतेहून जहाजात बसत. सूरतेला १६४४ मध्ये त्यांच्यासाठी बांधलेली सराय अजून उभी आहे, मुगलीसरा भागात. आज तिथे सूरत महानगरपालिकेचं कार्यालय आहे. बाहेरगावचे हाजी जिथे उतरत, तिथे आज लोक घरपट्टी भरायला जातात. इमारत वापरात राहिली म्हणून टिकली, हाही एक धडा आहे.

जायचं कसं? नवापूर किंवा नंदुरबारहून तापी लाइनची गाडी धरा. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, तेवढं बघून घ्या. सकाळी सराय आणि तापीकाठचा किल्ला, दुपारनंतर डुमस. तिथली वाळू काळी आहे. पुढच्या वर्षी सवड मिळाली तर कोकण करा. दाभोळला बंदराशेजारी सतराव्या शतकातली मशीद आहे, आणि तिथले मुसलमान घरात कोकणी बोलतात. आपण इथे अहिराणी बोलतो, तसेच.

रजा, पैसा आणि भीती

आता तुमच्या मनातले प्रश्न. पहिला, रजा मिळते कुठे? दुकानं आणि आस्थापनांचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वाचा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा, आणि वर्षात २४० दिवस काम केलं तर दर वीस दिवसांना एक दिवस भरपगारी रजा, ही त्यात लिहिलेली आहे. मोबाइलच्या शोरूममध्ये, कुरिअरच्या ऑफिसात काम करणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? मालक मेहरबानी करत नाही, तो तुमचा हक्क आहे.

पण इथे बसलेल्यांत गॅरेजवाले आहेत, बेकरीत काम करणारे आहेत, हातगाडी लावणारे आहेत. एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई गेली. त्यांना मी सूरतेचा सल्ला देणार नाही. त्यांच्यासाठी बळसाणे आहे, भामेर आहे. सकाळी जायचं, दुपारी परत. बहिणींना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. घरून भाकरी-ठेचा बांधून घ्या. लग्नात एका रात्रीच्या डीजेवर आपण जे उधळतो, त्यात अख्ख्या मोहल्ल्यातल्या मुलांची थाळनेरची सहल होते.

दुसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून मी विचारतो. आपण चार-पाच मुलं किल्ल्यावर दिसलो आणि कोणी नाव विचारलं तर? भीती खोटी नाही. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात काय झालं, ते आपण पाहिलं. माझ्याही वाट्याला हा प्रसंग आला आहे. एका किल्ल्याच्या पायथ्याशी दोघा-तिघांनी अडवलं, नावं विचारली, कशाला आलात म्हणाले. आवाज चढले होते. आम्ही नावं सांगितली, साक्रीचे आहोत हे अहिराणीत सांगितलं. साक्रीत कोणाचे, कुठे राहता, असं सुरू झालं आणि मग बोलणं कांद्याच्या भावावर गेलं. दर वेळी असंच होईल अशी हमी मी देत नाही. पण आपण घरी बसलो तर ती जागा आपण आपल्या हाताने सोडली असं होतं, आणि पुढच्या पोराला जाणं आणखी अवघड होतं.

म्हणून काही साधे नियम. उजेडी जायचं, उजेडी परतायचं. शाळेतले, कॉलेजातले हिंदू, आदिवासी, जैन मित्र सोबत घ्यायचे. ढाल म्हणून नव्हे, मित्र म्हणून, कारण ही जागा त्यांचीही आहे आणि त्यांनीही ती पाहिलेली नसते. गावात आधी कोणाला तरी भेटायचं, गुरुजी असोत, पोलीस पाटील असोत. घोषणा नाहीत, उद्धट रील नाहीत. दगडावर नाव कोरायचं नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. आणि कायद्याच्या आधी लाज आहे. संविधानाच्या ५१-क कलमात आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. त्यात ‘फक्त आपला’ वारसा असं लिहिलेलं नाही.

तिसरा प्रश्न बहिणींचा. ‘अब्बू पाठवणार नाहीत.’ १५७५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या गुलबदन बेगम फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाल्या, घरच्या बायकांचा काफिला घेऊन. सूरतेहून जहाजात बसल्या आणि कित्येक वर्षांनी परतल्या. साडेचारशे वर्षांनी आपण मुलीला एका दिवसासाठी थाळनेरला पाठवायला कचरतो. भावांनो, ही अडचण बहिणींनी सोडवायची नाही. घरात अम्मीला, आपाला सोबत चला म्हणा. अब्बूंना म्हणा, तुम्हीही चला. आपल्या कित्येक अम्मींनी माहेर, सासर आणि दवाखाना याखेरीज चौथी जागा पाहिलेली नाही. आधी त्यांना न्या.

शेवटी एक काम देतो. पुढच्या बैठकीला दोन महिने आहेत. तोवर प्रत्येकाने एक जागा पाहायची. कावठे चालेल, बळसाणे चालेल, आपल्या गावातली पडकी बारव चालेल. आल्यावर एक पान लिहायचं. काय पाहिलं, कोणी काय सांगितलं, काय मोडकळीला आलंय, कचरा किती आहे, फलक आहे की नाही. ऐकीव गोष्ट असेल तर ‘ऐकीव’ असं लिहायचं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जमेल तसं लिहा, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. मासिकात ती पानं छापायला मी संपादकांना गळ घालतो. तीस मुलांची तीस पानं झाली की साक्री तालुक्याची अशी वही तयार होईल, जी आज कोणाकडेच नाही.

आणि त्यासाठी लागणारी रजा उद्या सकाळीच मागा. परवा कोणाचं तरी लग्न निघेल.